दाजी, तो आवाज तुमचा नव्हता

दाजी, पेपरात तुमची बातमी आली. आतल्या पानावर, फोटोसकट. वर ठळक अक्षरांत 'ज्येष्ठ चित्रपट कलावंताचे निधन' आणि खाली त्या पिक्चरचं नाव. तुम्ही जन्मभर कुस्तीच्या मैदानात माइक धरला, लांब बसलेल्या म्हाताऱ्यांना कुस्ती कानानं दाखवली, ते सगळं 'त्यांना कुस्तीचीही आवड होती' एवढ्या एका ओळीत उरकलंय. आवड म्हणे! मी पेपरात फोन लावला. तिकडचा पोरगा म्हणाला, "पण सर, फेमस तर ते पिक्चरमुळंच झालं की." शिवी अगदी ओठावर आली होती, पण घरात दुखवट्याची माणसं बसली होती, म्हणून फोन ठेवला.

तुमचं वय किती, कारखान्यात कुठल्या खात्यात होता, मागं कोण कोण आहे, ते छापून आलंय. ते मी लिहीत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. निकाल लागल्याशिवाय मैदान सोडणारा माणूस नव्हता तुम्ही.

तुमचं तोंड बघायच्या आधी मी तुमचा आवाज ऐकला होता. मी नववीत होतो. आमच्या गावच्या जत्रेत लांग चढवून ऐटीत मातीत उतरलो आणि लोक खाली बसायच्या आत चितपट झालो. वर आभाळ दिसत होतं आणि चारी बाजूंनी हसणं ऐकू येत होतं. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "हसू नका मंडळी! पोरगं दहावीचा पेपर देऊन तसंच मैदानात आलंय. अभ्यास करून कुस्ती करतंय, टाळ्या वाजवा की!" अहो, कसली दहावी आणि कसला पेपर! पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं तर मला उचलून घेतलं. माझ्या बापाला ठाऊक होतं की हे धादांत खोटं आहे. तो शेजारच्याला म्हणाला, "दुसऱ्याच्या पोराची अब्रू राखतोय, कोण ह्यो? लगीन झालंय का ह्येचं?" आक्कासाठी स्थळं बघणं चालू होतं. आमच्या बापानं जावई आवाजावर पसंत केला, तोंड नंतर बघितलं. तोंड बघितल्यावर आईनं थोडी कुरकुर केली होती, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सांगतो.

पुढं मी कितीतरी मैदानांत तुमच्या मागं बसलो. तुमच्या हातात कधी कागद नसायचा. पोराचं गाव, त्याची तालीम, वस्ताद, बाप, आजा, सगळं तोंडपाठ. आणि तुमची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच निवेदकात बघितली नाही. निकाल लागला की जिंकलेल्याचं नाव घ्यायचं एकदाच. मग पडलेल्याचं नाव घ्यायचं, सावकाश, गावासकट, वस्तादासकट. ते पोरगं मातीतनं उठून, अंग झटकून, गर्दीत मिसळेपर्यंत त्याचं नाव चालू राहायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला होतात, "जितल्याल्याला लोक खांद्यावर घेत्यात, पावणं. पडल्याल्याला कोण न्हेणार घरापतूर?"

म्हणून तर कोल्हापुरात लोक तुम्हाला आवाजानं ओळखायचे. तुम्ही केएमटीच्या बसमध्ये चढून "एक बावडा द्या" म्हणालात की पुढच्या सीटवरची डोकी मागं वळायची. भाजी मंडईत बाया वर न बघता म्हणायच्या, "दाजी आलं वाटतं." ही तुमची मिळकत होती.

आणि तीच त्यांनी नेली.

ती पिक्चरवाली माणसं मैदानावरच आली होती. डायरेक्टर म्हणजे कोवळा पोरगा, डोक्यावर उलटी टोपी. तुमची कॉमेंट्री ऐकून स्टेजमागं आला आणि म्हणाला, "काका, हा आवाज मला पाहिजे." हे त्याचे शब्द आहेत दाजी. मी तुमच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो, मी साक्षीला आहे. मोठा क्राइम थ्रिलर आहे म्हणाला, आणि हिरोचं नाव सांगितलं. ते नाव ऐकून तुमचं तोंड असं झालं की मला तुमची दया आली. त्या हिरोचे सगळे पिक्चर तुम्ही बघितले होते, पडलेलेसुद्धा. त्याची बाजू घेऊन तुम्ही माझ्याशी लग्नाच्या पंगतीत भांडला होता.

तुमचा रोल म्हाताऱ्या हवालदाराचा. खुनी कोण हे त्या एकट्याला कळलेलं असतं आणि मध्यंतराच्या आत त्याचाच मुडदा पडतो. त्यासाठी मिशी काढायला लागेल म्हणाले. तुमची ती पांढरी, भरघोस मिशी! आक्का म्हणाली, "मिशी काढून कुठं तोंड दावणार हाय?" तुम्ही म्हणालात, "पडद्यावर." आणि बावड्यातल्या सलूनमध्ये जाऊन बसलात. घरी आलात ते तोंडावर रुमाल धरून. आक्का दोन दिवस तुमच्याकडं बघून हसायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची.

शूटिंग कळंब्याच्या तलावावर झालं. भर उन्हात चाललं होतं, आणि नंतर निळा रंग चढवून त्याची रात्र करणार म्हणे. हिरो आला, गॉगल न काढता तुमच्या खांद्यावर हात टाकला, फोटो काढला आणि "भारी काम करताय, काका" म्हणून निघून गेला. त्या एका वाक्यावर तुम्ही वर्षभर जगलात. तो फोटो फ्रेम करून तुम्ही देव्हाऱ्याशेजारी लावायला निघाला होता. आक्कानं खिळा ठोकू दिला नाही, म्हणून तो टीव्हीच्या वर गेला.

तुमचं एक मोठं वाक्य होतं. ते तुम्ही जेवताना, गाडी पुसताना, आक्का आमटी ढवळत असताना म्हणायचा: "साहेब, मेलेला माणूस खोटं बोलत न्हाई. जित्त्यांकडं बघा." एवढंच, खालच्या पट्टीत. मैदान गाजवणारा माणूस एवढं हळू का बोलतोय म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, "हवालदार दमल्याला हाय, पावणं. दमल्याला माणूस वराडत न्हाई." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही खरंच नट आहात. हे मी तुम्हाला बोललो नाही. आपल्यात मेव्हण्यानं दाजीला चांगलं म्हणायची पद्धत नाही.

पिक्चर लागला त्या दिवशी तुमच्या तालमीनं पहिला खेळ धरला. हलगी होती, फटाके होते. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा आणि हिरो कोपऱ्यात आधार कार्डाएवढा. मातीतली पोरं, त्यांच्या आया, बावड्यातले शेजारी आणि पुढच्या रांगेत गंगाराम वस्ताद, ज्यांना आता नीटसं दिसत नाही. मी तुमच्या उजव्या हाताला बसलो होतो.

पिक्चर कसा होता ते तुमच्यापुढं कधी सांगू दिलं नाहीत, आता ऐकून घ्या. भिकार होता. हिरो अंधारात गॉगल लावून पुरावे शोधत होता. पोलिस ठाण्यातला झाडून प्रत्येक माणूस सकाळच्या चहाला फेटा बांधून बसलेला. खुनी मध्यंतराच्या आतच कळला. मागं बसलेली एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "त्यो डाक्टरच हाय बघ, उगंच हसतोय." पाठलागात हिरो रंकाळ्याच्या कोपऱ्यावर वळला तो डायरेक्ट पन्हाळ्यावर निघाला, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "यस्टीनं गेला व्हय रं?" आणि शेवटी म्हणे, खुनी कोण ते हिरोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मधली माणसं कशाला मरू दिली? हे त्याला विचारणारं पिक्चरमध्ये कुणी नव्हतं.

पण ते सगळं मी सोसलं असतं. वाईट पिक्चर काय आपण कमी बघितलेत? मध्यंतराच्या जरा आधी तुम्ही मला कोपरानं ढोसलंत आणि म्हणालात, "आलो." मी बघतो तर निळ्या अंधारात एक बिनमिशीचा म्हातारा उभा. त्यानं तोंड उघडलं आणि कुणीतरी भलताच गडी खेकसला, "आरं ए सायबा, म्येलेला मानूस खोटं बोलत नाय! जित्त्यास्नी धर! नाद नाय करायचा कोल्हापूरकराचा!"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पडद्याकडंच बघत होता.

आणि हॉलमध्ये काहीच झालं नाही. शिट्टी नाही, टाळी नाही, हलगीवाल्यानं हात उचलला नाही. कारण दाजी, तुम्ही आलात हे कुणाला कळलंच नाही. ती माणसं तुमचा आवाज ऐकायला बसली होती. अंधारात बिनमिशीचं तोंड त्यांना कुठलं ओळखू येणार? तुमचा मुडदा पडला तरी मंडळी तुमची वाट बघत बसली. पिक्चर संपला, नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, झाडू घेऊन बाई आली, तरी तालमीतलं एकही पोरगं जागचं उठेना. आणि गंगाराम वस्तादांनी मान वळवून सगळ्यांदेखत विचारलं, "दाजी कवा येतंय?"

तुम्हीच उठून म्हणालात, "येऊन गेलो की, वस्ताद." तुमच्या आवाजात म्हणालात, तेव्हा कुठं सगळ्यांनी वळून बघितलं.

बाहेर आल्यावर मी पेटलो होतो. म्हटलं, त्या डायरेक्टरला फोन लावा, त्या हिरोला लावा, विचारा, आवाज कुठं टाकला माझा? तुम्ही म्हणालात, तांत्रिक अडचण असेल, तलावावर वारा फार होता. म्हणालात, पिक्चर चांगला आहे. "तुमास्नी थ्रिलर कळत न्हाई, पावणं." पुढं तो हिरो मुलाखतीत सांगत होता की पिक्चरमध्ये कोल्हापूरच्या मातीची अस्सल भाषा आहे. तुम्ही ते मोबाइलवर बघत होता आणि मान हलवत होता. मला वाटलं, तो मोबाइल घेऊन रंकाळ्यात टाकावा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती क्लिप फिरली. तुमचं तोंड आणि तो खेकसणारा आवाज. पोरांना ते आवडलं. गावोगावच्या मैदानांच्या फ्लेक्सवर 'पिक्चर फेम' म्हणून तुमचं नाव छापायला लागले. आणि त्या जत्रेत, माझ्याच गावच्या, कुस्ती निकाली होताच पोरं ओरडली, "दाजी, डायलॉग!" तुम्ही हसलात, माइक तोंडाशी नेला आणि म्हणालात. तसंच. त्याच खेकसण्यात, शब्द तसेच वाकडे करून. 'नाद नाय करायचा'सकट. ज्यानं तुमचा आवाज पुसला त्याची नक्कल तुम्ही करत होता, आणि चांगली करत होता. शिट्ट्यांनी मैदान उसळलं. त्या गोंधळात पडलेलं पोरगं मातीतनं उठलं, कपडे काखेत मारले आणि निघून गेलं. त्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत.

त्यावरून आपलं भांडण झालं, मिशीवरून नाही आणि पिक्चरवरूनही नाही. आक्कानं केलेला चहा समोर निवत होता. मी म्हटलं, दाजी, ते पोरगं कुठल्या गावचं होतं? तुम्ही चहावरची साय बोटानं बाजूला केलीत. मी म्हटलं, आजवर तुम्ही एकाला असं सोडलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "लोकास्नी त्येच पायजे, पावणं." मी म्हटलं, "आणि तुमास्नी?" तुम्ही कपबशी उचलून आत ठेवायला गेलात ते बाहेर आलाच नाहीत. मी कागलला ड्युटीवर निघून गेलो. त्यानंतर आपण सणावाराला भेटलो, पण इकडचं तिकडचं बोललो. मी चुकलो असं म्हणायला आज बसलेलो नाही. मी बरोबरच होतो, आणि त्याचाच जास्त राग येतो.

कारण आता तुम्ही नाहीत आणि आक्कानं मला जे सांगितलं ते तुम्ही सांगायला हवं होतंत. रक्षाविसर्जन करून आम्ही पंचगंगेवरून परत आलो, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यापासनं एक लपवून ठेवल्यालं हाय." डोळे दाखवायला पुण्याला लेकीकडं, स्वातीकडं जातो म्हणून तुम्ही गेलात, ते खरं मुंबईला गेला होतात. आवाज भरायला. काचेच्या खोलीत उभं करून त्यांनी तुमच्याकडून ते वाक्य म्हणून घेतलं. मग म्हणाले, जरा अजून कोल्हापुरी बोला. तुम्ही पुन्हा बोललात. नाही काका, अजून. अजून. दिवस मावळेपर्यंत. शेवटी त्या उलट्या टोपीनं सांगितलं की तुमचं बोलणं लोकांना कोल्हापुरी वाटणार नाही. बावड्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगितलं! आणि सिरियलमधून कोल्हापुरी गड्यांचे आवाज काढणारा कुठला तरी पोरगा बोलावला, ज्यानं कोल्हापूरच्या वेशीवरचा शिरोली नाकासुद्धा बघितला नसेल. तुम्हाला बाकावर बसवून त्याचं ऐकवलं. घरी येऊन तुम्ही आक्काला म्हणालात, "चांगला बोलतोय गं पोरगा." आणि म्हणालात, "पावण्याला सांगू नगंस, भांडत बसंल."

म्हणजे थिएटरात बसताना तुम्हाला माहीत होतं. हलगी वाजत होती तेव्हा माहीत होतं. मी आक्काला विचारलं, मग आम्हाला नेलं कशाला? ती म्हणाली, "त्यास्नी वाटत हुतं, शेवटाला त्यांचाच ठेवतील. हिरोनं भारी म्हटल्यालं न्हवं का."

दाजी, तुमच्यावर चिडावं की तुम्हाला पोटाशी धरावं, हे मला कळत नाही. त्या जत्रेत तुम्ही नक्कल करत नव्हता. त्या काचेच्या खोलीत नापास झालेला पेपर पुन्हा देत होता, आणि लोकांनी शिट्ट्या मारून तुम्हाला पास केलं. अहो, तुम्हाला कुठं गरज होती पास व्हायची? नववीतल्या पोराला दहावीचा करणारा माणूस तुम्ही. मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी भांडलो असतो, हे खरं. भांडायलाच हवं होतं कुणीतरी. तुमच्या बाजूनं.

आता हाल असे की स्वातीनं श्रद्धांजली म्हणून तीच क्लिप स्टेटसला ठेवली. मी तिच्यावर ओरडलो. ती रडत म्हणाली, "मामा, पप्पांचा दुसरा आवाज आणू कुठनं?" मग आम्ही शोधायला लागलो. मैदानांचे सगळे व्हिडिओ बघितले. कुठं हलगी, कुठं आरडाओरडा, कुठं कर्णा फाटलेला. तुम्ही व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवत नव्हता, फोन करून "ऐकताय न्हवं?" विचारणारे तुम्ही. एवढ्या वर्षांच्या मैदानांतून तुमचं एक धड वाक्य निघत नाही, आणि तो खेकसणारा मात्र स्वच्छ, खणखणीत, पाहिजे तेव्हा लावा. स्वातीचा लेक अजून शाळेत जात नाही. तो मोबाइल कानाशी धरून म्हणतो, "आजोबा बोलतात."

काल दुपारी आक्काकडं गेलो होतो. जेवून तुमच्या बाहेरच्या सोप्यात जरा लवंडलो आणि डोळा लागला. तुम्ही आलात. मिशी होती, पांढरा सदरा होता, सगळं अगदी तुमचं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. मला इतका आनंद झाला की भांडण, पिक्चर, सगळं विसरलो. म्हटलं, दाजी, बोला काहीतरी. आणि तुम्ही तोंड उघडलंत.

त्या खेकसणाऱ्याच्या आवाजात बोललात.

मी दचकून उठलो. आक्का शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, "आलतं व्हय?" मी मान हलवली. "काय म्हणालं?" मी म्हटलं, "काय न्हाई. नुसतं बसलं हुतं." ती शेंगा सोलत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या बी सपनात येत्यात. पर बोलत न्हाईत, नुसतं बसत्यात."

ती माझ्यासारखीच खोटं बोलत होती, दाजी. मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. आम्ही दोघं खाली मान घालून शेंगा सोलत बसलो.